स्पर्धा परीक्षा आणि इंग्रजी शब्दांचे पुस्तक



बँकेची किंवा स्टाफ सिलेक्शन कमिशनची जाहिरात आली की आपल्या उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर भागातील मुले-मुली पहिली खरेदी करतात ती इंग्रजी शब्दसंग्रहाच्या पुस्तकाची. गणिताचे पुस्तक मित्राकडून मागून आणले जाते, चालू घडामोडींचे मासिक वाचनालयात बसून वाचले जाते, परंतु इंग्रजीची धास्ती मोठी असल्यामुळे त्या पुस्तकासाठी मात्र घरात पैसे मागितले जातात. वडील कंपनीत कंत्राटावर आणि आई चार घरची कामे करणारी, अशा घरातले ते पैसे असतात. पुस्तक जितके जाड तितका धीर जास्त. आणि परीक्षा होऊन गेली की तेच पुस्तक कोणीतरी संस्थेच्या अभ्यासिकेला भेट देतो. कपाटात ही पुस्तके लावताना एक गोष्ट आमच्या नेहमी डोळ्यांत भरते. पहिली चाळीस-पन्नास पाने बोटांच्या डागांनी मळलेली, शब्दांखाली पेन्सिलच्या रेघा, आणि त्यापुढची सगळी पाने कोरी करकरीत.

ही पुस्तके आळशी मुलांची नाहीत. रात्रपाळी करून सकाळी अभ्यासिकेत बसणाऱ्या मुलांची आहेत. मग ती पन्नासाव्या पानावर का थांबतात? आमचे उत्तर असे की, बहुतेक वेळा पुस्तक त्या मुलासाठी लिहिलेलेच नसते. ते दुसऱ्याच कुणा विद्यार्थ्यासाठी आणि दुसऱ्याच परीक्षेसाठी लिहिलेले असते, आणि आपला मुलगा मात्र दोष स्वतःच्या डोक्याला देतो. बँकेच्या नोकरीत इंग्रजीशी रोज संबंध येतो आणि सुट्टीच्या दिवशी अभ्यासिकेत मुलांशी बोलणे होते, त्यातून जे लक्षात आले ते येथे मांडत आहोत.

सर्वात आधी एक साधा प्रश्न स्वतःला विचारावा. आपल्या परीक्षेत इंग्रजी आहे का? प्रश्न बाळबोध वाटेल, पण रेल्वेच्या गट ‘ड’च्या किंवा एनटीपीसीच्या संगणकीय परीक्षेत इंग्रजीचा स्वतंत्र विभाग नसतो आणि प्रश्नपत्रिका मराठीतून घेता येते. पोलीस शिपाई भरतीच्या लेखी परीक्षेत मराठी व्याकरण विचारतात, इंग्रजी नाही. अशा परीक्षेला बसणाऱ्या मुलाने इंग्रजी शब्दांचे जाड पुस्तक घेऊन चार महिने घालवणे म्हणजे वेळेची उधळपट्टी होय. उलट तलाठी भरतीच्या २०२३ सालच्या परीक्षेत १०० पैकी २५ प्रश्न इंग्रजीचे होते. स्टाफ सिलेक्शनच्या पदवीधर पातळीच्या पहिल्या टप्प्यात २५ प्रश्न आणि ५० गुण इंग्रजीला असतात आणि चुकीच्या उत्तराला अर्धा गुण कापला जातो. आयबीपीएसच्या लिपिक पदाच्या पूर्व परीक्षेत २० मिनिटांत इंग्रजीचे ३० प्रश्न सोडवायचे असतात आणि प्रत्येक विभागात किमान गुण मिळवावेच लागतात.

हा शेवटचा मुद्दा आपल्या मुलांच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. सरकारी बँकांच्या लिपिक भरतीची परीक्षा हिंदी-इंग्रजीबरोबर १३ प्रादेशिक भाषांतूनही घ्यावी, असे अर्थ मंत्रालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये जाहीर केले. त्यामुळे गणित आणि बुद्धिमत्ता चाचणी आता मराठीतून देता येते. मराठी माध्यमाच्या मुलांना हा मोठाच दिलासा मिळाला. पण इंग्रजीचा विभाग इंग्रजीतच राहिला. गणितात ३५ पैकी ३० मिळवणारा मुलगा इंग्रजीच्या कटऑफला दोन गुणांनी अडतो आणि त्याचे बाकीचे सारे गुण वाया जातात. वयाची मर्यादा २८, अनुसूचित जातीच्या उमेदवाराला आणखी पाच वर्षांची सवलत. ऐकायला पुष्कळ वाटते, पण वर्षातून एकदा येणाऱ्या परीक्षेत प्रत्येक चुकीचे पुस्तक एक वर्ष खाऊन जाते.

परीक्षा ठरली की तिचे प्रश्न कसे येतात हे पाहावे, कारण ‘इंग्रजी शब्दसंग्रह’ ही सगळीकडे एकच वस्तू नाही. स्टाफ सिलेक्शनमध्ये समानार्थी शब्द, विरुद्धार्थी शब्द, अनेक शब्दांबद्दल एक शब्द, वाक्प्रचार, शुद्धलेखन असे सरळ प्रश्न येतात आणि जुन्या प्रश्नपत्रिकांतले शब्द पुन्हापुन्हा डोकावतात. तेथे जुन्या प्रश्नांतून गोळा केलेल्या शब्दांचे पुस्तक खरोखर उपयोगी पडते. निखिल गुप्ता यांचे ‘ब्लॅकबुक’ या नावाने मुलांत प्रसिद्ध असलेले पुस्तक याच पद्धतीचे आहे. बँकेच्या परीक्षेत मात्र ‘अमुक शब्दाचा अर्थ काय’ असा सुटा प्रश्न कमीच. तेथे उतारा असतो, गाळलेल्या जागांचा परिच्छेद असतो, वाक्यातील चूक शोधायची असते, शब्दांची अदलाबदल ओळखायची असते. हजार कठीण शब्द पाठ केलेला मुलगा तेथे ‘पुट ऑफ’ आणि ‘पुट अप विथ’ यांत गोंधळतो. पहिल्याचा अर्थ पुढे ढकलणे, दुसऱ्याचा सहन करणे. शब्द दोन्हीकडे लहानच, पण यादीच्या पुस्तकात त्यांना जागा नसते. राज्यसेवेची गोष्ट आणखी वेगळी. २०२५ पासून तिची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे, इंग्रजीचा पेपर पात्रतेपुरता, २५ टक्क्यांचा आहे आणि त्यात स्वतः लिहावे लागते. तेथे दुर्मीळ शब्दांपेक्षा साधे शब्द बिनचूक वापरता येणे मोलाचे.

येथेच एक सावधगिरीची सूचना. ‘मागील दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिकांतून’ असे मुखपृष्ठावर छापलेले असते. स्टाफ सिलेक्शन आपल्या प्रश्नपत्रिका उत्तरांसह संकेतस्थळावर ठेवते, लोकसेवा आयोगही ठेवतो, त्यामुळे त्यांच्या बाबतीत हा दावा पडताळून पाहता येतो. आयबीपीएस प्रश्नपत्रिका प्रसिद्ध करत नाही. बाजारात तिच्या नावाने जे मिळते ते परीक्षा देऊन आलेल्या मुलांच्या आठवणीवरून तयार केलेले असते. ते निरुपयोगी आहे असे नव्हे, पण आठवण म्हणजे छापील प्रश्न नव्हे, एवढे ध्यानात असावे.

आता दुसरा प्रश्न, आपण स्वतः कोठे उभे आहोत. मायकेल वेस्ट नावाचे एक इंग्रज शिक्षणतज्ज्ञ १९२०च्या दशकात ढाक्याला शिक्षक-प्रशिक्षणाचे काम करीत होते. बंगाली मुले वर्षानुवर्षे इंग्रजी शिकूनही साधे पुस्तक वाचू शकत नाहीत हे त्यांनी पाहिले. कारण धड्यांत कठीण आणि क्वचित लागणारे शब्द फार, रोज लागणारे शब्द मात्र पक्के झालेले नाहीत. या कामातून पुढे १९५३ साली त्यांची सुमारे २००० शब्दांची यादी प्रसिद्ध झाली. सर्वसाधारण इंग्रजी मजकुरातले १०० पैकी ८०च्या आसपास शब्द या यादीतले असतात. पुढे २००० साली न्यूझीलंडमधील अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड या विदुषींनी शैक्षणिक लेखनात वारंवार येणाऱ्या ५७० शब्दकुळांची वेगळी यादी केली. या दोन्ही याद्या फुकट उपलब्ध आहेत. त्यांची नावे परीक्षेच्या जाहिरातींत कोठे दिसत नाहीत, कारण त्यांत ‘भारी’ शब्द नाहीत.

आमच्या मुलांची अडचण नेमकी ढाक्याच्या मुलांसारखी आहे. बाजारातील बहुतेक जाड पुस्तके असे गृहीत धरतात की पहिले दोन-तीन हजार शब्द वाचकाला येतातच. अमेरिकेतील पदव्युत्तर प्रवेशासाठी जी जीआरई परीक्षा असते तिच्यासाठी बॅरन्स कंपनीने काढलेली ३५०० शब्दांची यादी आपल्याकडे कॅम्प तीनपासून कुळगावपर्यंत मुलांच्या हातात दिसते. ज्या परीक्षेसाठी ती यादी केली तिनेच २०११ साली विरुद्धार्थी शब्दांचे सुटे प्रश्न काढून टाकले. त्या यादीतले शब्द पाठ करणारा आपला मुलगा ‘अफोर्ड’, ‘अव्हॉइड’, ‘सजेस्ट’ हे शब्द वाक्यात बरोबर वापरू शकतो का, हे आधी पाहायला हवे. यासाठी आम्ही एक सोपी कसोटी सुचवतो. इंग्रजी वर्तमानपत्रातील स्थानिक बातमीचा एक परिच्छेद घ्यावा, साधारण १०० शब्दांचा. न कळणारे शब्द पेन्सिलने खुणावे. पाच-सहा निघाले तर परीक्षेचे कोणतेही चांगले पुस्तक घ्यायला हरकत नाही. पंधरा-वीस निघाले तर ते पुस्तक सध्या दुकानातच राहू द्यावे आणि आठवी ते दहावीची इंग्रजीची पाठ्यपुस्तके पुन्हा काढावीत. यात कमीपणा मुळीच नाही. पाया भरल्याशिवाय कोणी माळा चढवत नाही.

तिसरी आणि आमच्या मते सर्वात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे पुस्तक अर्थ कसा सांगते. एका बाजूला इंग्रजी शब्द, दुसऱ्या बाजूला एक मराठी शब्द, अशी दोन रकान्यांची पुस्तके पुष्कळ आहेत. ती वाचायला सोपी असतात आणि त्यातच धोका असतो. बँकेच्या काउंटरवरचे उदाहरण देतो. आपले लोक येतात आणि म्हणतात, “साहेब, खाते काढायचे आहे.” दुसरा म्हणतो, “पैसे काढायचे आहेत.” तिसऱ्याला कर्ज काढायचे असते. मराठीत क्रियापद एकच, ‘काढणे’. इंग्रजीत पहिल्याला ‘ओपन’, दुसऱ्याला ‘विथड्रॉ’, तिसऱ्याला ‘टेक’ किंवा ‘रेझ’. बँकेबाहेर पडलो की चित्र काढण्याला ‘ड्रॉ’, दात काढण्याला ‘एक्स्ट्रॅक्ट’, नोकरीवरून काढण्याला ‘डिसमिस’, आणि चुका काढण्याला ‘फाइंड’. ज्या पुस्तकात ‘एक्स्ट्रॅक्ट – काढणे’ एवढेच छापले आहे, ते पाठ करणारा मुलगा गाळलेल्या जागी खात्यातून पैसे ‘एक्स्ट्रॅक्ट’ करील आणि गुण घालवील. त्याला मराठी अर्थ बरोबर ठाऊक होता, हे दुर्दैव.

उलट बाजूही तशीच. ‘इंटरेस्ट’ म्हणजे व्याज, रस आणि हितसंबंध. ‘सिक्युरिटी’ म्हणजे सुरक्षा, तारण आणि रोखे. ‘प्रिन्सिपल’ म्हणजे मुद्दल आणि प्राचार्य, आणि उच्चार तोच पण शेवटची अक्षरे बदलली की तत्त्व. ‘अनइंटरेस्टेड’ म्हणजे ज्याला रस नाही तो. ‘डिसइंटरेस्टेड’ म्हणजे ज्याचा स्वतःचा हितसंबंध गुंतलेला नाही, म्हणजेच निःपक्षपाती. हा फरक एका शब्दाच्या अर्थात मावत नाही, त्याला वाक्य लागते. म्हणून दुकानात पुस्तक उघडल्याबरोबर पाहावे की प्रत्येक शब्दापुढे वापराचे वाक्य आहे की नाही. वाक्य नसेल तर ते पुस्तक उजळणीला ठीक, शिकायला नाही.

याहून मोठा सापळा हिंदी अर्थांचा आहे. स्पर्धा परीक्षांची बरीच पुस्तके दिल्लीकडून छापून येतात आणि त्यांत अर्थ हिंदीत दिलेला असतो. लिपी एकच, आणि आपल्या भागात तर मराठी, हिंदी, सिंधी कानावर एकत्रच पडते, त्यामुळे मुलांना वाटते की हिंदी आपल्याला येतेच. पण ‘एन्डेव्हर’पुढे ‘चेष्टा’ असे लिहिलेले असते. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. आपल्याकडे चेष्टा म्हणजे थट्टा. ‘ऑब्जेक्शन’पुढे ‘आपत्ति’ असते, म्हणजे हरकत. मराठी मुलगा समजतो संकट. ‘बिझी’पुढे ‘व्यस्त’, आणि आपल्याला व्यस्त ठाऊक आहे ते गणितातल्या प्रमाणातले. ‘लीव्ह’पुढे ‘अवकाश’ दिसले की मुलगा आकाशात बघतो, तेथे रजा म्हणायचे असते. ‘एज्युकेशन’पुढचे ‘शिक्षा’ मात्र सर्वांना कळते, बहुधा शाळेच्या अनुभवामुळे. अभ्यासिकेत एका मुलाने ‘एन्डेव्हर’चा समानार्थी म्हणून ‘मॉक’ला खूण केली, तेव्हा तो असे का करतो हे आम्हास कळेना. त्याचे पुस्तक पाहिल्यावर उलगडा झाला. म्हणून हिंदी अर्थाचे पुस्तक घ्यायचेच असेल तर शेजारी मराठी अर्थाचा कोश ठेवावा. वीरकरांचा कोश पुष्कळ घरांत अजून असतो; तो चालेल.

आता ज्या पुस्तकाचे नाव प्रत्येक जण घेतो त्याविषयी. नॉर्मन लुईस यांचे ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ १९४९ साली अमेरिकेत निघाले. योगायोगाने कल्याण कॅम्पचे उल्हासनगर झाले तेही त्याच साली. सुधारित आवृत्ती १९७८ची. हे पुस्तक यादीचे नाही. ते शब्दांची मुळे शिकवते, ग्रीक आणि लॅटिन, आणि एका मुळापासून दहा शब्द कसे फुटतात ते दाखवते. मधूनमधून परीक्षा घेते, मागचे पुन्हा विचारते, शब्द मोठ्याने उच्चारायला लावते. सुरुवात माणसांच्या स्वभावांपासून होते आणि पुढे निरनिराळ्या डॉक्टरांची नावे येतात. ‘अनेक शब्दांबद्दल एक शब्द’ या प्रश्नासाठी याइतके भरभक्कम पुस्तक आम्ही पाहिलेले नाही. पण ते सर्व इंग्रजीत आहे, उच्चारांच्या खुणा अमेरिकन पद्धतीच्या आहेत, आणि गाळलेल्या जागांना लागणारे बारीकसारीक वाक्प्रचार त्यात फारसे नाहीत. पाया कच्चा असलेला मुलगा येथेही पन्नासाव्या पानावर थांबतो.

मात्र या पुस्तकाच्या वाटेत मराठी मुलाला एक सवलत आहे, जी अमेरिकन वाचकालासुद्धा नाही, आणि ती कोणी सांगत नाही. विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत मांडले की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच मूळ भाषेच्या लेकी असाव्यात. भाषाशास्त्राने ते पुढे सिद्ध केले. म्हणजे लुईससाहेब ज्या लॅटिन मुळांची पाठांतरे करवतात, त्यांतली कित्येक आपल्या तोंडात आधीच आहेत. दंत आणि ‘डेंट’, त्यावरून डेंटिस्ट. नव आणि ‘नोव्ह’, त्यावरून नवशिक्या तो ‘नॉव्हिस’ आणि जुन्याला नवे करणे ते ‘रेनोव्हेट’. नाम आणि ‘नॉमेन’. बँकेच्या प्रत्येक फॉर्मवर ‘नॉमिनी’ असतो, ज्याचे नाव आपण देतो तो. आणि ‘इग्नॉमिनी’ म्हणजे नाव जाणे, बेअब्रू. मृत आणि ‘मॉर्ट’. मर्त्य तो ‘मॉर्टल’, अमर तो ‘इम्मॉर्टल’, आणि घर गहाण टाकतो ते ‘मॉर्गेज’ म्हणजे जुन्या फ्रेंचमध्ये मेलेले तारण! उच्चारात ‘ट’ गळाला तरी लिहिताना तो आहे, शुद्धलेखनाच्या प्रश्नात नेमका तोच विचारतात. मृत आठवले की तो विसरत नाही. ‘क्रेडिट’मधला ‘क्रेड’ म्हणजे विश्वास, आणि भाषाशास्त्रज्ञ त्याचे आणि श्रद्धेचे मूळ एकच मानतात. त्यावरून ‘क्रेडिबल’ विश्वासार्ह, ‘इन्क्रेड्युलस’ सहज विश्वास न ठेवणारा. वाचा आणि ‘व्होक’. ‘व्होकॅब्युलरी’ हा शब्दच त्यातला. पद म्हणजे पाऊल, आणि ‘पेड’ किंवा ‘पॉड’ म्हणजेही पाऊल. पायी चालणारा ‘पेडेस्ट्रियन’, पायाने मारायचे ते ‘पेडल’, तीन पायांचा ‘ट्रायपॉड’ म्हणजे आपली तिवई. ज्या मुलामुलींनी पालीच्या वर्गात हजेरी लावली आहे त्यांना तर पद, नाम, दन्त हे शब्द मुखोद्गत असतात. ते इंग्रजीतही कामाला येतात हे त्यांना सांगितले की चेहरे बघण्यासारखे होतात.

तरी मुळांवर डोळे मिटून भिस्त ठेवू नये. ‘पेडिअ‍ॅट्रिशियन’ हा पायांचा डॉक्टर नव्हे, मुलांचा. तेथला ‘पेड’ ग्रीक भाषेतला आहे आणि त्याचा अर्थ मूल. परीक्षक अशाच जागा हेरतात. लुईस यांनी हा फरक नीट समजावून दिला आहे. त्यांची नक्कल करून काढलेल्या काही स्वस्त पुस्तकांत दोन्ही ‘पेड’ एकाच रकान्यात पडलेले असतात. दुकानात हे एक पान काढून पाहिले तरी पुस्तकाची लायकी कळते.

नकलेवरून आठवले. आपल्या गावाविषयी जुना विनोद आहे की येथल्या मालावर ‘मेड इन यूएसए’ लिहिलेले असते आणि यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. विनोद जुना झाला, आणि त्या निर्वासितांनी शून्यातून उभ्या केलेल्या कारखानदारीवर तो थोडा अन्यायही करतो. पण लेबल आणि माल यांतला फरक ओळखायला आपण गावकऱ्यांनी तरी शिकायला हवे. पदपथावर निम्म्या किमतीत मिळणारी ‘वर्ड पॉवर’ची प्रत बहुधा चोरून छापलेली असते. अक्षरे पुसट, मधली पाने उलटसुलट, आणि छपाईच्या चुका. कादंबरीत एखादे अक्षर चुकले तर बिघडत नाही. शब्दांच्या पुस्तकात ते चुकले की मुलगा चूकच पाठ करतो. पैसे वाचवायचे असतील तर त्याहून चांगला मार्ग म्हणजे माटुंग्याच्या किंग्ज सर्कलला किंवा फोर्टात मिळणारी खरी पण वापरलेली प्रत. शब्दांचे पुस्तक दहा वर्षांनी शिळे होत नाही. सामान्य ज्ञानाचे होते. नाहीतर दोघा-तिघांनी मिळून एक प्रत घ्यावी. रद्दीच्या दुकानात ‘रीडर्स डायजेस्ट’चे जुने इंग्रजी अंक मिळाले तर सोडू नयेत. त्यातील शब्दांचे सदर १९४५ सालापासूनचे आहे आणि एका अंकात वीसच्या आसपास शब्द असल्यामुळे ते एका बैठकीत संपते. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे आहे, लोकलने दोन-चार स्थानकांवर आहे. विकत घेण्याआधी पुस्तक हाताळून पाहायला तेथे जाता येईल.

एक शब्दकोश मात्र प्रत्येकाजवळ असावा, आणि तो शिकणाऱ्यांसाठी केलेला असावा. हॉर्नबी यांचा ऑक्सफर्डचा कोश १९४८ पासून याच हेतूने निघतो. लाँगमनच्या कोशाने १९७८ साली एक फार चांगली गोष्ट केली. त्यातील सर्व व्याख्या सुमारे २००० नेहमीच्या शब्दांतच लिहिल्या. त्यामुळे एका कठीण शब्दाचा अर्थ शोधताना दुसरे तीन कठीण शब्द वाटेत आडवे येत नाहीत. यांचे मजकूर आता मोबाइलवरही फुकट पाहता येतात. मोबाइलवर आणखी एक गोष्ट फुकट फिरते, पाचपाचशे पानांच्या पीडीएफ. त्या गोळा करण्यात एक समाधान असते. वाचताना कोणी दिसत नाही.

वर्तमानपत्राविषयीही दोन शब्द. प्रत्येक मार्गदर्शक सांगतो की ‘द हिंदू’चा अग्रलेख वाचा. सल्ला चुकीचा नाही, पण सुरुवात तेथून करणे म्हणजे पोहायला थेट बारवी धरणात उतरणे आहे. त्यापेक्षा ‘लोकसत्ता’ आणि ‘इंडियन एक्स्प्रेस’ ही एकाच समूहाची पत्रे शेजारी ठेवावीत. सकाळी रेल्वेच्या अपघाताची किंवा रिझर्व्ह बँकेच्या व्याजदराची बातमी मराठीत वाचावी, मग तीच इंग्रजीत. घडले काय ते आधीच माहीत असल्यामुळे निम्मे शब्द आपोआप उलगडतात, आणि ते कोणत्या शब्दांच्या सोबतीने येतात हेही दिसते. बँकेच्या परीक्षेतील गाळलेल्या जागा याच सोबतीवर बेतलेल्या असतात.

पुस्तक संपवता येईल की नाही, हा प्रश्न आम्ही मुद्दाम शेवटाकडे ठेवला आहे. एबिंगहाउस नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवर प्रयोग करून दाखवले की पाठ केलेले बरेचसे पहिल्या एक-दोन दिवसांतच विसरले जाते, आणि मधूनमधून उजळणी केली तर विसरण्याचा वेग कमी होतो. म्हणजे ज्या पुस्तकात उजळणीची सोय नाही, त्यात ती आपण करावी लागते. सेबास्टियन लाइट्नर या जर्मन पत्रकाराने १९७२ साली त्याची एक युक्ती सांगितली, जिला चपलांचे रिकामे खोके पुरते. खोक्यात पाच कप्पे करावेत. जुन्या लग्नपत्रिकांचे पुठ्ठे कापून चिठ्ठ्या कराव्यात, एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ आणि आपले स्वतःचे वाक्य. सर्व चिठ्ठ्या पहिल्या कप्प्यात. अर्थ बरोबर सांगता आला की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात जाते, चुकला की मागे पहिल्यात येते. पहिला कप्पा रोज बघायचा, दुसरा दोन-तीन दिवसांनी, शेवटचा महिन्याने. जे येते त्यावर वेळ जात नाही आणि जे येत नाही ते सुटत नाही.

या चिठ्ठ्यांचा दुसरा फायदा आपल्या भागातील मुलांना लगेच पटेल. बदलापूरहून मुंबईला जायला लोकलने दीड तास तरी लागतो, आणि सकाळच्या गाडीत एक हात वरच्या कडीला असतो. सातशे पानांचे पुस्तक तेथे उघडता येत नाही. वीस चिठ्ठ्या खिशातून निघतात. रोज दहा नवे शब्द धरले, आठवड्याचा एक दिवस उजळणीला सोडला, तरी चार महिन्यांत हजार शब्द होतात. म्हणून आम्ही मुलांना सांगतो की हजार-बाराशे शब्दांचे, वाक्यांसह असलेले आणि एका हातात मावणारे पुस्तक पाहा. पाच हजार शब्दांचे पुस्तक घेऊन चारशे शब्द शिकणाऱ्यापेक्षा हा विद्यार्थी पुढे असतो, आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात त्याच्याजवळ उजळणीला काहीतरी असते.

पुस्तक घ्यायला निघताना सोबत आपल्या परीक्षेची एक जुनी प्रश्नपत्रिका असावी. दुकानात पुस्तक मधूनच कोठेही उघडावे, पहिली पाने सगळ्यांचीच चांगली असतात. प्रश्नपत्रिकेतील दहा शब्द त्यात शोधावेत. सूची नसेल तर तेवढ्यावरूनच ते खाली ठेवावे. सापडलेल्या एका शब्दाचा मजकूर वाचून पुस्तक मिटावे आणि तो शब्द वापरून स्वतःचे एक वाक्य मनात करून पाहावे. दुकानदार दहा मिनिटे उभे राहू देत नसेल तर आमच्या अभ्यासिकेत यावे. तेथे वर सांगितलेल्यांपैकी बरीचशी पुस्तके आहेत, पहिली पन्नास पाने मळलेली आणि पुढची कोरी. रविवारी सकाळी आम्ही तेथे असतो. प्रश्नपत्रिका मात्र घेऊन यावी, आणि पैसे खर्च करण्यापूर्वी यावे.